पावसाळी वेळापत्रक

१ मार्च ही तारीख आम्हाला ९ एप्रिलला कळली.

२०२४ चा गुढीपाडवा होता. गुढी उभारून झाली होती, कडुलिंबाची पानं गुळाबरोबर चावून झाली होती आणि मी श्रीखंडासाठी चक्का फेटत होते. सायली पुण्याहून दोन दिवसांसाठी घरी आली होती. अभियांत्रिकीचं शेवटचं सत्र चालू होतं. ओटीवरच्या झोपाळ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. बराच वेळ झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या, त्या थांबल्या. मग हाक आली, "आई, जरा बाहेर ये." आवाज असा होता की मी हात न धुताच गेले.

जर्मनीची शेवटची तारीख १५ जुलै, हे वाक्य आमच्या घरात दोन वर्षं सगळ्यांना पाठ होतं. तिच्या कॉलेजातल्या मोठ्या मुलांनी सांगितलं होतं, आम्हीही पुढे चार जणांना सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी तिकडच्या अनेक विद्यापीठांची तारीख १५ जुलैच असते. पण सायलीच्या मनात आखेन होतं, आणि आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात युरोपबाहेरच्या मुलांचे पदव्युत्तर अर्ज १ मार्चला बंद होतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात बऱ्याच अभ्यासक्रमांना ३१ मे. म्हणजे १५ जुलैच्या आत एक सबंध जग होतं, आणि त्याचं दार चाळीस दिवसांपूर्वी लागलं होतं.

दुसरी गोष्ट त्याच सकाळी कळली. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. आपली गुणपत्रिका, पदवी, सगळं खरं आहे आणि तिकडच्या प्रवेशाला पुरेसं आहे, हे तपासून दिल्लीचं कार्यालय ते देतं. फी १८ हजार रुपये. व्हिसाला ते हवंच, आणि बहुतेक विद्यापीठं अर्जाबरोबरच मागतात. त्यासाठी आम्ही तोवर एक कागदही हलवला नव्हता.

सायली रडली नाही. "ठीक आहे, पुढच्या वर्षी," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. दुपारी जेवताना श्रीखंडाला तिनं बोट लावलं नाही. मी पतसंस्थेत नोकरी करते. कोणाचा हप्ता कधीचा, कोणाची ठेव कधी पिकते, कोणाच्या जामीनदाराची मुदत कधी संपते हे दिवसभर पाहते. आणि माझ्याच मुलीच्या आयुष्यातली एक तारीख माझ्या हातून गेली, हे मला फार लागलं. आजही लागतं.

त्या संध्याकाळी अण्णा, म्हणजे माझे सासरे, ओटीवर येऊन बसले. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाड्या सुटण्याच्या वेळा हेच त्यांचं आयुष्य. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "अगो, कोकण रेल्वेला पावसाचं टाइमटेबल वेगळं असतं, माहीत आहे ना? रूळ तेच, गाडी तीच. पण दरड कोसळेल, पाणी येईल, हे आधीच धरलेलं असतं. तुम्ही उन्हाळ्याचं टाइमटेबल हातात घेऊन पावसात निघालात."

पुढचं वर्षभर त्या एका वाक्यावर आमचं घर चाललं. जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालणारं ते पावसाळी वेळापत्रक आम्ही कोकणातली माणसं गृहीतच धरतो. जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, अशी चालकाला सूचना असते. गाडी उशिरा पोचते, पण तो उशीर छापलेला असतो, म्हणून कोणाची फसगत होत नाही. विद्यापीठांच्या संकेतस्थळावरच्या तारखा या कोरड्या दिवसांच्या असतात. ज्याच्या घरी लाईट जात नाही, रेंज असते, बँक चालत पाच मिनिटांवर असते आणि बापाच्या नावावर एकट्याचं घर असतं, त्याच्यासाठी त्या पुरेशा असतील. आमचं गाव आंजर्ल्याजवळ, खाडीच्या अलीकडे. आम्हाला स्वतःचं वेळापत्रक करणं भाग होतं.

ते उलटं करायचं, हे ह्यांनी सुचवलं. आंब्याचं सगळं गणित उलटंच असतं. मार्च-एप्रिलमध्ये वाशीला पेटी लावायची असेल तर मोहोर डिसेंबरात हवा, आणि मोहोर वेळेवर हवा तर जुलै-ऑगस्टात, भर पावसात, कलमाच्या बुंध्याभोवती कल्टार हे मोहोर आणणारं औषध घालावं लागतं. त्या वेळी झाडाकडे बघून कोणाला आंबा आठवणारही नाही. तसंच इथे. ऑक्टोबर २०२५ ला वर्गात बसायचं, तर जुलैत व्हिसा दृष्टिपथात हवा, मेमध्ये प्रवेशपत्र, फेब्रुवारीत अर्ज, डिसेंबरात एपीएस हातात, ऑगस्टात आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. मागे मागे येत आम्ही जून २०२४ ला पोचलो, आणि तो तर उद्यावर आला होता.

मी २०२४ च्या कालनिर्णयावर पेन्सिलनं लिहायला लागले आणि नवं आल्यावर २०२५ च्यावर. एक नियम केला, की विद्यापीठाची तारीख लाल आणि घराची तारीख तिच्या सहा आठवडे आधी, निळी. लाल तारखेकडे कोणी बघायचंच नाही. बर्लिनमधलं युनि-असिस्ट, ज्यांच्यामार्फत कितीतरी विद्यापीठांचे अर्ज जातात, तेही शेवटच्या तारखेच्या आठ आठवडे आधी कागद पाठवा असंच सांगतं. कारण काही कमी निघालं तर दुरुस्तीला वेळ राहतो. पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. एवढे पैसे घालून अर्ज कागदाच्या चुकीवरून परत येणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते मला कोणत्याही मार्गदर्शनाच्या व्हिडिओत सापडलं नाही. परीक्षा, निबंध, शिफारसपत्रं यांना लागणारा वेळ मोजता येतो. घर उलटंपालटं होतं ते दोन गोष्टींनी, मुलाचं नाव आणि आजोबांची जमीन.

नावाचं आधी. आपल्या दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीचं सगळं दुसऱ्या रकान्यात. एवढं तरी समजावून सांगता येतं. पण ह्यांचं नाव श्रीकृष्ण. दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत 'श्री'ला आय, पासपोर्टवर डबल ई, आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर पुन्हा आय पण शेवटचा 'ए' गळलेला. तीन कागद, तीन श्रीकृष्ण. चूक कोणाची हे शोधण्यात अर्थ नव्हता. पासपोर्टचा फॉर्म मीच भरला होता. सायली दहावीला असताना, सहलीला लागेल म्हणून, घाईघाईत, जसं तोंडात आलं तसं स्पेलिंग घातलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री सगळे कागद सतरंजीवर पसरून मी आणि सायली एकेक अक्षर मोठ्यानं वाचत बसलो होतो. ती प्रमाणपत्रावरचं वाचणार, मी पासपोर्टवरचं बोटाखाली धरणार. एस, एच, आर, आय. एस, एच, आर, ई. थांब. बाहेर मृगाचा पाऊस धो धो पडत होता, लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर एकच दिवा होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, बाबांचं नाव मला आत्ताच नीट वाचता आलं." त्या वाक्यात राग नव्हता. पण मी ते अजून विसरलेले नाही. पासपोर्ट पुन्हा काढला, दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम. पदवीच्या कागदावर दुरुस्ती मागितली, ती झाली. दोन्ही मिळून अडीच महिने गेले. जून २०२४ ऐवजी फेब्रुवारी २०२५ मध्ये हे लक्षात आलं असतं, तर दुसरं वर्षही गेलं असतं.

आता जमीन. आमची बाग आहे, सत्तर कलमं, थोडी पोफळी, घराच्या मागे माड. बाहेरच्याला वाटेल, एवढं असताना शैक्षणिक कर्जाची काय चिंता? सातबारा उघडा म्हणजे कळेल. आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. त्यातली चार माणसं आता या जगात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद व्हायची आहे. दोन चुलतदीर डोंबिवलीला, एक बडोद्याला, एक आत्या कुठे असतात ते कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. भांडण कोणाचंच नाही. गणपतीला सगळे येतात, एका पंगतीला जेवतात. पण बँकेला पंगत चालत नाही. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला स्थावर तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. आणि शेतजमीन, तीही सामाईक, तारण म्हणून घ्यायला बहुतेक बँका तयार नसतात. शाखेतल्या साहेबांनी अगदी सौजन्यानं सातबारा परत दिला, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. मी त्या जागी असते तर हेच केलं असतं.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नसतं (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात), म्हणून लोक म्हणतात की तिकडे फुकट शिक्षण आहे. पण व्हिसाआधी एका बंद खात्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११ हजार ९०४ युरो आहे, महिन्याला ९९२ प्रमाणे सुटते. आपल्या पैशांत बारा लाखांच्या घरात. ते पैसे मुलीचेच असतात, तिलाच मिळतात, पण आधी एकदम उभे करायचे असतात. शिवाय तिकीट, विमा, सुरुवातीचं भाडं, थंडीचे कपडे.

माझा भाऊ चिपळूणला असतो. नोव्हेंबरात, भाऊबीजेला, तो पाटावर बसलेला असतानाच मी विषय काढला. ओवाळून झाल्यावर त्यानं ताटात पाकीट टाकलं आणि म्हणाला, "फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे, कर्जही फिटलंय. तारण ठेव." मी लगेच हो म्हणू शकले नाही. हातातलं निरांजन तसंच होतं. भावाचं घर मुलीच्या शिक्षणासाठी गहाण टाकायचं, ही गोष्ट बोलायला एक वाक्य लागतं आणि पचवायला महिना लागतो. वेळापत्रकात मी त्या महिन्याला जागा ठेवली नव्हती. पण तो लागतोच. वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, सोसायटीचं ना हरकत पत्र, मूल्यांकन, त्याच्या बायकोची संमती, हे सगळं होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. वहिनीनं सही करताना एक शब्दही विचारला नाही. तिचे उपकार मी कुठे फेडू?

म्हणून कोणी आठवी-नववीतल्या मुलाचे आईवडील विचारायला आले, की मी त्यांना आधी सातबारा विचारते. वारसनोंदी करून घ्या, वाटणी करायची असेल तर म्हातारी माणसं आहेत तोवर सह्या घ्या. मूल परदेशी गेलं नाही तरी ते वाया जाणार नाही. जमलं तर थोडी बिनशेती जागा किंवा ठेव मुलांच्या शिक्षणाच्या नावानं बाजूला ठेवा. एक गोष्ट चांगली झाली आहे. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जात नाही, आणि स्वतःच्या पैशांसाठीही मर्यादा सातवरून दहा लाखांवर गेली. आमच्यासारख्यांच्या हातात त्यामुळे ऐन वेळी थोडी रक्कम राहते.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षं चालतात, म्हणून ती आधीच उरकावी. सायलीनं ऑगस्टात पुण्याला दिली. अमेरिकेसाठी जीआरई लागत असेल तर ती पाच वर्षं चालते, म्हणजे तिसऱ्या वर्षातल्या सुट्टीतही देता येते. शिफारसपत्रांसाठी मात्र शिक्षकांना निदान दोन महिने द्यावेत. ती माणसंही परीक्षा, पेपर तपासणी, स्वतःची मुलंबाळं यांत असतात. शेवटच्या आठवड्यात मागितलेलं पत्र कोणाचंही असू शकतं, तुमच्या मुलाचं नसतं.

आमच्या घरात आणखी एक तारीख कोरलेली आहे, ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. सायलीची बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. सकाळी अकरापासून जे सुरू झालं ते दुपारभर. वाडीतली निम्मी पोफळ मोडून आडवी झाली, अण्णांच्या वडिलांनी लावलेली अकरा कलमं मुळासकट उपटली. लाईट यायला आमच्याकडे सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात देशात सगळं ऑनलाइन चाललं होतं आणि आम्ही दापोलीला जाऊन मोबाइल चार्ज करून आणत होतो. त्या काळात एखादी शेवटची तारीख असती तर आम्ही कोणाला काय सांगितलं असतं? म्हणून सहा आठवडे. कोणी ते भित्रेपण म्हटलं तरी मला चालेल.

शेजारचीच गोष्ट आहे. महर्षी कर्वे आमच्या मुरुडचे. लहान वयात परीक्षेला बसायचं म्हणून मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, आणि दिसायला लहान वाटतात म्हणून परीक्षेला बसू न देता परत पाठवले गेले. आणि त्यांचे नात्यातले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आमच्या शेजारच्या मुर्डीचे. ते १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. पलीकडच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, ते १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पोचले. लहानपणी शाळेत या गोष्टी ऐकताना मला फक्त त्यांची बुद्धी दिसायची. आता दिसतं ते त्यांच्यामागचं वेळेवर मिळालेलं किंवा न मिळालेलं एखादं पत्र, एखादी सही, एखादं पाठबळ. साताऱ्याहून परत येतानाचा तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. उतरणीच्या वाटेला त्याच्या मनात काय असेल?

शिष्यवृत्त्यांचं कॅलेंडर प्रवेशाच्या कॅलेंडरपेक्षा वेगळं चालतं, हे ध्यानात ठेवायला हवं. १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा एंडोमेंटचा कर्जरूप निधी असो, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो, किंवा युरोपातली इरॅस्मस मुंडुस असो, जिचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी या काळात भरायचे असतात. प्रवेश मिळाल्यावर बघू, असं म्हणणाऱ्याच्या हातून यातलं निम्मं जातं.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. इंग्लंडात बारावीनंतर जायचं असेल तर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी १५ ऑक्टोबर, बाकीच्यांना जानेवारी. म्हणजे मूल बारावीच्या सहामाहीच्या तयारीत असतं तेव्हा. अमेरिकेत पदवीसाठी लवकरचा अर्ज बहुधा १ नोव्हेंबरला आणि नेहमीचा १ जानेवारीच्या आसपास. जर्मनीत बारावीनंतर सरळ पदवीला जाता येत नाही. इथे एक वर्ष शिकावं लागतं किंवा तिकडे पूर्वतयारीचं वर्ष करावं लागतं. जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर वाट सोपी होते. त्यामुळे बारावीनंतर पाठवायचं म्हणणाऱ्यांनी अकरावीच्या दिवाळीत बसून ठरवावं.

सायलीनं आठ अर्ज केले. संक्रांतीच्या दिवशी शेवटचा गेला. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट बंद होती आणि घरात रेंजची एक काडीही नव्हती, म्हणून ती आणि ह्यांनी कड्यावरच्या गणपतीला जाऊन, देवळाच्या आवारात बसून मोबाइलवरून फाइली चढवल्या. खाली सुवर्णदुर्ग दिसत होता म्हणे. येताना दोघं तीळगूळ वाटत आली. कालनिर्णयावर १४ जानेवारीच्या चौकोनात संक्रांतीच्या खाली तिनं स्वतः लिहिलं, 'झालं'. लाल तारीख दीड महिना पुढे होती. त्या वर्षी मोहोरही चांगला होता. सकाळी बागेत गेलं की वासानं जीव भरून यायचा, आणि मला वाटायचं की पुढच्या मोहोराला ही इथे नसेल.

हे कोणी सांगत नाही. वेळापत्रक नीट केलं की प्रत्येक चौकोन भरत जातो आणि प्रत्येक भरलेल्या चौकोनागणिक मूल एक पाऊल दाराकडे जातं. आपणच हातानं ते पाऊल लिहितो. मी रात्री पेन्सिल खाली ठेवून कितीदा नुसती त्या पानाकडे बघत बसले आहे. मग फेब्रुवारीपासून मी तिसरा रंग घेतला, हिरवा. त्यात घरचं लिहायचं. आजीच्या हातची आंबोळी शिकायची, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला जायचं, अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे हिनंच न्यायचं. हिरव्या तारखा पुढे ढकलायच्या नाहीत, असंही ठरवलं.

आखेनचा नकार आला. ज्या तारखेनं आमचं एक वर्ष नेलं, तिथेच शेवटी जागा मिळाली नाही. दोन दिवस घर गप्प होतं. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या एका शहरातून होकार आला, तिच्या आवडीच्याच विषयाला. त्या संध्याकाळी ह्यांनी पिकलेला पहिला पायरी कापला, हापूस नाही, कारण तिला पायरी आवडतो.

आणि मग पाऊस आला. २०२५ चा मे कोकणातला बागायतदार विसरणार नाही. वीस तारखेपासूनच कोसळायला लागला, २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचलाही होता. शेवटच्या तोडणीचा आंबा झाडावरच डागाळला, कॅनिंगलाही गेला नाही. तिच्या तिकिटाचे आणि विम्याचे पैसे त्या आंब्यावर धरले होते. ते गेले. पण कर्ज मंजूर होऊन पडलं होतं, बंद खात्याची रक्कम त्यातून निघाली, आणि तिकिटासाठी मी माझी एक ठेव मोडली. जूनच्या शेवटी व्हिसाची मुलाखत मुंबईत होती. आम्ही दोन दिवस आधी निघालो. खेडला गाडी पावणेतीन तास उशिरा आली, आणि फलाटावर बसून सायली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. इतक्या वर्षांत ती अशी झोपली नव्हती. उशीर झाला याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही.

व्हिसा ऑगस्टात आला. २७ ऑगस्टला गणपती होते. एकोणीस नावांपैकी जेवढे हयात आहेत त्यातले बहुतेक आले होते. आरतीला तिनं ताम्हन धरलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी गेली.

परवा मागच्या आळीतली सुलभा आली. तिची मुलगी अकरावीला आहे, हुशार आहे, तिलाही बाहेर शिकायचं आहे. "वैनी, अजून वेळ आहे ना खूप? मे महिन्यात येऊन बसू का?" असं विचारत होती. मी म्हटलं, आत्ताच बस. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि शाळेचा दाखला काढला. मी चष्मा लावला, सतरंजी पसरली, आणि आम्ही एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली. मुलीचं नाव जुळलं. वडिलांचं जुळलं. आडनावाशी येऊन सुलभाचं बोट थांबलं. एका कागदावर शेवटी ई होता, दुसऱ्यावर वाय.

"आणि सातबाऱ्यावर किती नावं आहेत गो तुमच्या?" मी विचारलं.

"मोजली नाहीत कधी."

"उद्या घेऊन ये."